बोटीत बसण्याआधीची मुंबई

पुणेकराची मुंबई ठरलेली असते. दादरला उतरायचं, कुणाचं लग्न नाहीतर व्हिसाचं काम उरकायचं, घामाला नावं ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं. वेळ उरलाच तर समुद्र, तोही चौपाटीचा किंवा मरीन ड्राइव्हचा, म्हणजे पश्चिमेचा. बोटी मात्र त्या बाजूला लागत नाहीत. तिकडे उघडा अरबी समुद्र, पावसाळ्यात अंगावर येणारा. बंदर सगळं पूर्वेला, बेट आणि मुख्य जमीन यांच्यामधल्या शांत पाण्यात. मुंबई मोठी झाली ती त्या अंगाने, आणि नेमकं तेच अंग भिंतींच्या नि फाटकांच्या आड राहिल्यामुळे आपल्याला ठाऊक नसतं. मुंबईहून क्रूझला जाणाऱ्यांनी एक दिवस आधी जाऊन ते बघावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

लेकाने आम्हाला मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढून दिली. ह्यांचा बेत असा, की सकाळी कोथरूडहून गाडी करायची आणि थेट टर्मिनलला. घाटात एक ट्रक आडवा झाला की बोट गेली, एवढंच मी म्हटलं. मग आदल्या दिवशीची डेक्कन क्वीन ठरली. 1930 पासून धावतेय, अजून डायनिंग कार सांभाळून आहे. तिथल्या कटलेटवर पुण्यात आजवर इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही.

सामान फोर्टातल्या लॉजवर टाकलं आणि चालत बॅलार्ड इस्टेटला गेलो. सीएसएमटीहून पंधरा मिनिटं, जीपीओवरून. पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे आवाज कमी होतो. रस्ते रुंद, फूटपाथवरून खरोखर चालता येतं, झाडांची सावली. पुणेकराने मुंबईतल्या फूटपाथचं कौतुक करावं, हे तुम्ही माझ्याकडूनच वाचताय. हे सगळं भर घातलेल्या जमिनीवर आहे. शेजारी अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक खणला, त्यातून निघालेली माती इथे टाकली आणि 1908 ते 1914 च्या दरम्यान त्यावर ही वसाहत उठवली. आराखडा जॉर्ज विटेटचा. गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. नाव कर्नल बॅलार्डचं, तो पोर्ट ट्रस्टचा पहिला अध्यक्ष. आमच्या ह्यांचं आयुष्य भोसरीत टूलरूममध्ये गेलेलं. त्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगा एका लेव्हलला आहेत गं. कुणीतरी उभं राहून करून घेतलंय हे." बरोबरच होतं ते. दर्शनी भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत, असा विटेटचा आग्रहच होता.

नरोत्तम मोरारजी मार्गावर सिंदिया हाऊस आहे. इथे मात्र मी ह्यांना थांबवलं, कारण वालचंदनगर म्हटलं की पुणे जिल्ह्यातल्या माणसाला साखर आठवते. पण त्याच वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतरांना सोबत घेऊन सिंदिया स्टीम नेव्हिगेशन काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची 'लॉयल्टी' बोट विकत घेतली आणि 5 एप्रिल 1919 ला ती मुंबईहून लंडनला रवाना केली. समुद्रावर इंग्रजांची मक्तेदारी होती तेव्हाची ही गोष्ट. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस मानतात तो यामुळे. "इंदापूरचा ऊस आणि लंडनची बोट, एकच माणूस!" हे म्हणाले. मग पुढचा अर्धा तास भांडवल कुठून उभं केलं असेल यावर व्याख्यान.

संध्याकाळी टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर गेलो. पी. डिमेलो रोडला लागलं की एका बाजूला सतत गोदीची भिंत. या भिंतीपलीकडे व्हिक्टोरिया डॉक होता, आता बुजवलाय. 14 एप्रिल 1944 ला तिथे उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, आजूबाजूची वस्ती जळली, सोन्याच्या विटा उडून दूरच्या घरांत पडल्या. टॅक्सीवाल्याला मी हे सांगितलं तर त्याने विचारलं, "सगळ्या सापडल्या का?" सगळ्या लगेच सापडल्या नव्हत्या. गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा वीट हाती लागलेली आहे.

भाऊचा धक्का हा माझा हट्ट होता. माहेर मालवणचं. आमचे बाबा गिरणीतल्या नोकरीसाठी मुंबईला यायचे ते बोटीने, आणि उतरायचे याच धक्क्यावर. धक्क्याला नाव आहे ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांचं. कोकणात तेव्हा बहुतेक ठिकाणी बोट किनाऱ्याला लागायची नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या, सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यायचं. लाटेवर पडाव वर आला की खलाशी दंडाला धरून माणूस वर ओढून घ्यायचा. तो एक क्षण चुकला तर पडाव खाली आणि माणूस लोंबकळत. आई या वर्णनालाच घाबरायची, म्हणून लग्नानंतरही ती बरीच वर्षं एसटीच्या बाजूने होती. पावसाळ्यात बोट बंद. मे सरताना जी निघाली ती शेवटची; ती चुकली तर पाऊस सरेपर्यंत जिथे असाल तिथे.

धक्क्यावर आता मोरा आणि रेवसच्या लाँच, मांडव्याची रो-रो, शिवाय मासळीचा बाजार. रेवसचा फलक दिसला की रामदास आठवतेच. 17 जुलै 1947, आषाढी अमावस्या. इथून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. सणाला घरी चाललेली साधी कोकणी माणसं. बाबा बोटीत पाय ठेवण्याआधी आभाळाकडे बघून घ्यायचे, ती त्या पिढीची सवय. आम्ही कटिंग चहा घेतला. ह्यांनी दोर बांधायचे लोखंडी खुंटे बघितले, त्यांची झीज बघितली आणि त्यावर दोरांचा कोन काय असेल ते मला समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉक. पुण्यात 'ससूनला नेलं', म्हणजे ससून हॉस्पिटलला, म्हटलं की घरात धस्स होतं. कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे डेव्हिड ससूनचं सिनेगॉग, त्याची कबरही तिथेच आवारात. कुलाब्याचा हा डॉक त्याच्या मुलाने, अल्बर्टने, 1875 मध्ये बांधला. हे घराणं अफूवर आणि कापसावर श्रीमंत झालं, हे दोन्ही शहरांत फारसं कुणी बोलत नाही.

साडेपाचला पोहोचलो तेव्हा बाजार भरात होता. जाताना बंद आणि टाकाऊ चपला घाला. खाली सगळं पाणी, बर्फाचा चुरा आणि खवले. ट्रॉलर रांगेने लागलेले, त्यांतून पाट्या हातोहात वर येतायत. बोंबील, मांदेली, बांगडा, एका कोपऱ्यात घोळ. आडोशाला बायकांची रांग पाटावर बसून कोळंबी सोलत होती. एकीच्या हाताकडे मी बघत राहिले. डोकं पिरगाळून बाजूला, अंगठ्याने पोटाकडून साल उचलायचं, एक हिसका, आणि सबंध कोळंबी पातेल्यात. मी घरी एक सोलते तेवढ्यात तिच्या पाच व्हायच्या, आणि ती त्याच वेळी शेजारणीशी सुनेबद्दल बोलत होती. पैसे सोललेल्या मालाच्या वजनावर. बोटांना मीठ आणि बर्फ लागून कातडी पांढरी पडलेली. मी मोबाइल काढणार तोच ती म्हणाली, "बाय, फोटो नको. न् पाय काढ, पाटी येतेय." पाटी आलीच, माझ्या साडीला पाणी लावून गेली.

आमचे हे शाकाहारी. नाकाला रुमाल लावून उभे होते, पण बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या यंत्रापाशी पोहोचल्यावर रुमाल खिशात गेला.

गेटवे आणि ताज उजाडता उजाडता बघितले, फोटो झाले. त्यात नवीन काही नाही. नौदलाच्या गोदीच्या भिंतीकडेने परत आलो. सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याने इथे मलबारी सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं 1817 चं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतंय. भिंतीवरून आत काही दिसत नाही, हे एक वाईट.

दुपारी लवकर जेवण बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात, 1923 पासूनचं इराणी हॉटेल. बेरी पुलावातली ती आंबट लाल झरेश्क ह्यांना इतकी आवडली की डाळिंबाचे दाणे घालून घरी करता येईल का, ही चर्चा. येणार नाही. वर कॅरॅमल कस्टर्ड.

तिथून ग्रीन गेट, म्हणजे क्रूझ टर्मिनलकडे जायचं बंदराचं फाटक, चालत पाच-सात मिनिटं. बॅगांना पट्ट्या लावणं, तपासणी, रांग, मग पुन्हा रांग. बोटीच्या कंपनीने दिलेली वेळ आणि आत घेतल्याची वेळ यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पाण्याची बाटली आणि आवळासुपारी हाताशी ठेवा. बोट लागणाऱ्यांनी तर नक्कीच. याच बाजूला पूर्वी बॅलार्ड पियर मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरायचा तो थेट फ्रंटियर मेलमध्ये बसायचा. आमच्या रांगेला तशी काही सोय नव्हती.

बोट सुटली तेव्हा सगळे स्विमिंग पूलभोवती संगीतात दंग. आम्ही उजव्या कठड्याला. आधी नौदलाची जहाजं, मग गेटवे. समुद्रातून बघितल्यावर कळतं की त्याचं तोंड आपल्याकडे नाही, येणाऱ्या बोटीकडे आहे. मग पहाटेचा ससून डॉक, ट्रॉलरांच्या झेंड्यांवरून ओळखला. पुढे कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपस्तंभ. तिथून पुढे बोट डोलायला लागली. मी जेवायला चला म्हटलं तर हे कठड्याला धरून उभे. बंदरातून बोट बाहेर काढून देणारा पायलट आता दोरीच्या शिडीने छोट्या लाँचवर उतरणार होता, ते बघायचं होतं. लाटेवर लाँच वर आली की पाय टाकायचा. बाबांच्या पडावाचंच गणित, उलट्या दिशेने. "दोन मिनिटं थांब," हे म्हणाले. जेवणाच्या हॉलमध्ये सुरमईच्या काउंटरला रांग लागलेली मला काचेतून दिसत होती. मी काही थांबले नाही.