ताडोबा, एप्रिल: वाघ सोडून झाडं बघायला

मोहर्ली गेटावर पहाटे जिप्सीत बसलो तेव्हा बाकीच्या पाच जणांना वाघ हवा होता आणि मला ऐनाचं झाड. गाइडला आधीच सांगून ठेवलं ते बरं. तुम्हीही गेटावरच सांगा. गाडी एकदा आत शिरली की पाणवठ्याकडेच धावते.

सागाचं रान पार उघडं पडलेलं. सागाचं पान सुपाएवढं. तेवढ्या पानातून उडणारं पाणी एप्रिलात मुळांनी आणायचं कुठून? म्हणून साग पानंच टाकतो आणि पावसापर्यंत वाढ थांबवतो. लाकडातली वर्षागणिक कडी उमटतात ती या थांबण्यामुळेच.

पण त्याच सागाला खेटून एक कुसुम उभा होता, लालभडक पालवी मिरवत. पाऊस दोन महिने लांब! पानं गळली की पाण्याचा खर्च थांबतो, खोलवरच्या ओलीवर खोड पुन्हा भरतं आणि त्या शिलकीवर झाड पालवतं. मोहही असाच निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. आम्हाला शेवटची फुलंच मिळाली. पळस तर आटोपलाच होता. फुलं बघायची तर मार्चच्या सुरुवातीला या. कुसुमासाठी एप्रिलचा पहिला आठवडा चालेल.

पांढऱ्या सालीचं कहांडळ दुरूनच दिसतं. मऊ, हलक्या लाकडात ते पाणी धरून ठेवतं. मग आला माझा ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. एकाच्या बुंध्याला टेंगूळ होतं. गाइड म्हणाला, "पाणी रायते जी यात. पण साऱ्याच ऐनात नाही रायत." खरंच आहे ते, काही थोड्याच झाडांत पाणी सापडतं, आणि त्यासाठी घाव घालून बघायचा मोह कुणी करू नये.

नाल्याशी आलो आणि हवाच बदलली. अर्जुन, जांभूळ हिरवेगार. मुळं ओलीपर्यंत पोचलेली, त्यांना कसली काटकसर! वाघही तिथेच सावलीला पडला होता. पाच जण खूश झाले.

आता कामाचं. नागपूरहून रेल्वेने चंद्रपूर, पुढे तासाभरात मोहर्ली. मंगळवारी सफारी बंद. बुकिंग ऑनलाइन, मे महिन्याचं तर फार आधी करा. सकाळचीच फेरी घ्या. दुपारी झाडं बघायची शुद्ध राहत नाही. डोक्याला सुती दुपट्टा, माणशी दोन लिटर पाणी आणि दुर्बीण हवीच. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, वही न्या. बिडी-सिगारेट तर नकोच, रानभर वाळका पाला पसरलेला असतो.

गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असलं तरी बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्यात, पावसाळ्यातही फिरता येतं. जुलैत पुन्हा जाणार आहे. तोवर गावच्या रस्त्याकडेच्या सागांना पानं फुटलेली असतील. त्यातलं कोवळं पान चुरगळलं की तळहात लाल होतो.