कमिन्सचे कोलंबस आणि वास्तुविशारदाची फी

कोथरूडमध्ये वाढलेल्या माणसाला ‘कमिन्स’ हे नाव परके वाटत नाही. १९६२ साली पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ सुरू झाली आणि पुढे इथले अनेक अभियंते मूळ कंपनीच्या गावी, म्हणजे इंडियाना राज्यातल्या कोलंबसला जाऊन राहिले. डिझेल इंजिनांच्या या गावात आधुनिक वास्तुकलेचा एवढा मोठा ठेवा आहे, हे मात्र मला भाच्याकडे आठवडाभर राहायला गेल्यावरच कळले.

मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचे गाव. १८७४ सालचे लाल विटांचे न्यायालय आणि ग्रीक भावंडांनी १९०० साली काढलेले ‘झाहाराकोस’ हे आइस्क्रीमचे दुकान पाहून आपण मिडवेस्टमधल्या चारचौघांसारख्याच गावात आलो आहोत असे वाटते. पण पुढच्याच वळणांवर, १९४२ साली एलियल सारिनेन यांनी बांधलेल्या चर्चचा, नक्षीचा सोस न धरणारा १६६ फुटी विटांचा मनोरा दिसतो आणि तो समज गळून पडतो. एलियल यांचे पुत्र ईरो यांनी १९५४ साली इथे बांधलेली बँक मला सर्वांत आवडली. जाड भिंती आणि गजांआडची खिडकी हेच ज्या काळात बँकेचे रूप मानले जाई, त्या काळात त्यांनी चहूबाजूंनी काचेची, बैठी, रस्त्यावरून आरपार दिसणारी इमारत उभी केली.

या साऱ्यामागे कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर होते. गावाला शाळा हव्या होत्या तेव्हा त्यांनी त्या बांधून दिल्या नाहीत. नामवंत वास्तुविशारदांच्या यादीतून शाळा मंडळाने एकाची निवड करावी, त्याची फी कमिन्सचे प्रतिष्ठान देईल आणि बांधकामाचा खर्च गावाने करावा, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. देणगीची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण दात्याच्या नावाची पाटी लागण्याऐवजी निवडीची जबाबदारी गावाकडेच राहिली. १९५७ साली हॅरी वीझ यांची शाळा झाली आणि पुढे ही योजना अग्निशमन केंद्रापर्यंत पोहोचली. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी तर आपल्या केंद्राच्या दर्शनी भागावर भलामोठा ‘४’ हा आकडा मिरवला आहे. आय. एम. पे यांच्या १९६९ सालच्या ग्रंथालयासमोर हेन्री मूर यांची वीस फुटी कमान आहे. शिल्प म्हणून तिच्याकडे आदराने पाहत उभा असलेला त्या दुपारी मी एकटाच होतो. मुले तिच्याखालून खुशाल पळत होती.

चर्चची गोष्ट निराळी, कारण ही योजना सार्वजनिक इमारतींसाठी होती. ईरो यांचे षट्कोनी नॉर्थ ख्रिश्चन चर्च त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९६४ साली पूर्ण झाले. त्याचा सुळका १९२ फूट उंच, म्हणजे वडिलांच्या मनोऱ्याहूनही उंच आहे. मात्र मंडळी घटत गेली, २०२२ साली तिथली उपासना थांबली आणि ती वास्तू गावच्या ग्रंथालयाने ताब्यात घेतली. संध्याकाळी आम्ही गाडी थांबवली, तेव्हा आवारात कोणी नव्हते आणि सुळक्याच्या टोकावर तेवढे ऊन उरले होते.