कागदावरचं सागरी अभयारण्य कसं ओळखायचं

जैवविविधता वाचवण्यासाठी देशांनी मिळून केलेल्या २०२२च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात २०३०पर्यंत किमान ३० टक्के समुद्र संरक्षित करायचं ठरलं. टक्केवारी काय, नकाशावर रेघ मारली की वाढते. म्हणून क्षेत्रफळ विचारू नका. गस्ती नौकेचं लॉगबुक आणि डिझेलची बिलं मागा, तारीखवार शेजारी ठेवा. गस्त आठ तासांची आणि डिझेल जेमतेम तासाभराचं, तर उरलेला वेळ नौका कुठे होती?

मग ट्रॅकिंगची, म्हणजे मासेमारी नौका कधी कुठे होत्या याची सिग्नलवरून ठेवलेली नोंद. ट्रॉलर जाळं ओढताना साधारण २ ते ५ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने जातो. बंदी क्षेत्रात तोच वेग तासन्‌तास दिसला तर कारवाईचा कागद मागा. सिग्नल हद्दीजवळच गायब होत असेल, तर तेही टिपा. घोळ बहुतेकदा खात्यांत असतो: मासेमारी एकाकडे, अभयारण्य दुसऱ्याकडे, दंडवसुली तिसऱ्याकडे. फाईल फिरत राहते, मुदत संपते.