सहा आठवडे मायदेशी, मग आईवडिलांकडे चारच दिवस का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परदेशात सेवा करणारं मिशनरी कुटुंब उन्हाळ्यात घरी येतं, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो, तोही बहुतेकदा आजी-आजोबांकडून आणि जरा रागानेच. राग रास्त आहे.

खर्च उचलणाऱ्या मंडळ्यांना (म्हणजे चर्चना) भेटून कामाची माहिती द्यायची ती रविवारच्या उपासनेत, आणि सहा आठवड्यांत रविवार सहाच. शरीर वेळेतला फरक साधारण दिवसाला एक तास या गतीने भरून काढतं. फरक आठ-नऊ तासांचा असेल तर पहिल्या रविवारी व्यासपीठावर उभं राहणं म्हणजे अर्धवट झोपेत बोलणं. शेवटचा रविवार सामान बांधण्यात जातो. उरले चार. देणगी पाठवणाऱ्या मंडळ्या मात्र दहा-बारा असतात, त्याही चार दिशांना.

मग जास्त दिवस का राहत नाहीत? एक तर मुलांची शाळा. दुसरं म्हणजे कर. अमेरिकन कुटुंबाला परदेशातल्या कमाईवरची आयकर सवलत दिवस मोजून घ्यायची असेल, तर सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात काढावे लागतात. म्हणजे अशा कुटुंबाला सहा आठवडेही जड जातात: घरासाठी ३५ दिवस, आणि प्रवासाचे अर्धेमुर्धे दिवसही बहुधा त्यातूनच वजा. (इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३मध्ये बंगालमध्ये आले ते १८३४मध्ये श्रीरामपुरात वारले, मध्ये एकदाही इंग्लंडला गेले नाहीत. विमानाने गाठीभेटी सोप्या केल्या, तशा अपेक्षाही वाढवल्या.)

आमच्या मते खरी चूक कॅलेंडर भरण्याच्या क्रमात होते. आधी मंडळ्यांना तारखा दिल्या जातात आणि उरलेल्या फटींत नातेवाईक बसवले जातात. हे उलटं हवं. आधी घरच्यांचे दहा-बारा दिवस सलग लिहायचे, मग डॉक्टर, आणि पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) पत्रं त्यानंतर. तीही निदान सहा महिने आधी. दातांचा डॉक्टर पहिल्याच आठवड्यात गाठावा. दातावर टोपी बसवायची निघाली तर पुन्हा जावं लागतं, आणि पाचव्या आठवड्यात सुरू केलेलं काम अर्धवट टाकून विमानात बसावं लागतं. पासपोर्टचंही तसंच: कित्येक देश मुदत संपायला सहा महिने बाकी असल्याशिवाय आत घेत नाहीत.

उन्हाळ्यात मंडळीतले पुष्कळ लोक स्वतःच सुट्टीवर असतात, संडे स्कूलही बऱ्याच ठिकाणी बंद. रिकाम्या बाकांपुढे बोलण्यासाठी पाचशे किलोमीटर गाडी हाकण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एका गावातल्या सगळ्या आधार देणाऱ्यांना आठवड्यातल्या एका संध्याकाळी एकाच घरी बोलवावं. पंधरा-वीस माणसं आली तर प्रश्नोत्तरं रंगतात आणि पंधरा वेगवेगळी जेवणं वाचतात.

भाषण तीन मापांत तयार हवं: पाच, पंधरा आणि तीस मिनिटं. बहुतेक वेळा पाचच मिनिटांचं लागतं, कारण सूचना लांबतात. फोटो पंधरापेक्षा जास्त नकोत. व्हिडिओ इंटरनेटवर विसंबून ठेवू नये, पेन ड्राइव्हवर न्यावा. पण त्याहून महत्त्वाचं: सेवेचा देश धर्मांतराबाबत संवेदनशील असेल तर उपासनेचं थेट प्रक्षेपण आपल्या भागापुरतं बंद करायला आधीच सांगावं. फोटोतले चेहरे झाकले आणि नावं तोंडून गेली, तर ते रेकॉर्डिंग कायमचं राहतं. व्यासपीठावर चढल्यावर आठवून उपयोग नाही.

अर्पणाची रक्कम किंवा हातात दिलेला चेक खिशात राहू देऊ नये. देणाऱ्याचं नाव आणि तारीख त्याच संध्याकाळी लिहून चेक आपल्या मिशन संस्थेकडे रवाना करावा. पावती संस्थाच देते, आणि ती वेळेवर गेली नाही तर नाराजी कुटुंबावर येते.

मुलांचं काय? रूथ युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ म्हटलं, म्हणजे पालकांच्या आणि राहत्या देशाच्या संस्कृतींच्या मधल्या, तिसऱ्याच संस्कृतीत वाढलेली मुलं. पालकांचा मायदेश हा त्यांच्यासाठी बऱ्याचदा परकाच देश असतो. दर तिसऱ्या रात्री अंथरूण बदललं की ती चिडचिडी होतात. म्हणून एक घर मुक्कामाचं ठरवावं, आणि लांबच्या मंडळीला आई किंवा बाबांपैकी एकानेच जावं. ‘तिकडच्या भाषेत काहीतरी बोलून दाखव’ म्हणून त्यांना स्टेजवर ओढणं तर बंदच करा.

आजी-आजोबांनो, तारखा जानेवारीतच मागून घ्या. मे महिन्यात मागितल्या तर त्या कुठल्यातरी मंडळीकडून परत घ्याव्या लागतात, आणि तसं करायला मिशनरी सहसा धजावत नाहीत.