किनवटच्या पुढं, काळ्या दगडाच्या खाली

आम्ही नांदेडचे, त्यामुळं दगड म्हणजे काळाच हे लहानपणापासून डोक्यात फिट्ट. विहीर खोदा नाहीतर रस्ता फोडा, काळा पाषाण नाहीतर मुरूम. मागच्या महिन्यात किनवटला सासरवाडीला गेलो तर मेव्हणा म्हणला, "दाजी, चला तुम्हाला दुसरा दगड दाखवतो," अन् सकाळीच डबा बांधून बाईकवर आदिलाबादकडं निघालो. सागाचं जंगल, खड्डे, बॉर्डर, परत खड्डे.

आदिलाबादच्या पुढं एका ओढ्यात उतरलो अन् बघतच राहिलो, अख्खा काठ म्हणजे भाकरीची चवड! बोटबोट जाडीचे थर एकावर एक, राखाडी, मध्येच गुलाबीसर पट्टा. ही चांदा चुनखडी, पैनगंगा गटातली, म्हणजे या भागात एकावर एक साचलेल्या जुन्या थरांच्या संचातली. मेव्हणा भूगोलाचा मास्तर, त्याला तर फळाच मिळाला. तळाशी ग्रॅनाइट, त्यावर प्राणहिता वालुकाश्म, मग ही चुनखडी, वर सातनाला शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला दगड. म्हणजे आधी किनाऱ्याची वाळू, मग समुद्र खोल होत गेला तसा लाटा पोचत नाहीत अशा शांत पाण्यात चुन्याचा गाळ बसत गेला, म्हणून थर इतके पातळ अन् सरळ. वय १०० कोटी वर्षांच्या आसपास! आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, कालचं पोरगं, नंतर येऊन वर बसलेलं.

मी आपला तासभर उन्हात शंखशिंपले शोधतोय. मेव्हणा झाडाखाली बसून हसला अन् मग सांगितलं, तेव्हा शंखवाले प्राणी जन्मालाच आले नव्हते, नुसते सूक्ष्मजीव होते. आधी सांगायला काय झालतं?

डब्यातलं लिंबू अर्धं उरलं होतं. दगड चाकूनं खरवडून पांढऱ्या भुकटीवर दोन थेंब पिळले, कान लावला तर बारीक फस्स्स आवाज अन् इवलाले बुडबुडे. काळ्या दगडावर पण पिळलं, तो ढिम्म.

एक चपटा तुकडा खिशात घालून आणला. बायको म्हणली, "अहो, ही तर शहाबादी फरशी!" तशी चूक नाही म्हणा, शहाबादीपण असलीच जुनी चुनखडी, फक्त तिकडं कर्नाटकातली. मग तिनं विचारलं, लोणच्यावर दाबायला ठेवू का? म्हणलं नको गं बाई, फसफसंल.