मानेतली गाठ जागची वर-खाली हलत नसेल, तर आधी सुई नको

मानेत गाठ दिसली की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि लगोलग एफएनएसीची (सुईने पेशी काढून तपासण्याची) चिठ्ठी. बहुतेक गाठींसाठी ते बरोबरच आहे. पण जबड्याच्या कोनाखाली, वर्षानुवर्षं सावकाश वाढलेली, न दुखणारी गाठ असेल तर थांबा. अंगठा आणि तर्जनीत धरून ती पुढे-मागे ढकला, मग वर-खाली. पुढे-मागे सरकते पण वर-खाली हलत नाही, हे लक्षण कॅरोटिड बॉडी ट्यूमरचं, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी मानेत जिथे दुभंगते तिथल्या गाठीचं. गाठ धमनीच्या फाट्यातच रुतलेली असते. दरवेळी ठोके लागतातच असं नाही, म्हणून ठोके नाहीत यावर विसंबू नका.

यापुढे सुई नाही, तुकडा (बायोप्सी) तर मुळीच नाही. गाठीत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. आधी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), मग एमआरआय किंवा सीटी अँजिओ. आतली आणि बाहेरची कॅरोटिड फाकलेल्या दिसल्या तर निदान जवळपास पक्कं. दोन्ही मिळून पुढे ढकललेल्या असतील तर वेगस नर्व्हवरची (आवाज आणि गिळणं सांभाळणाऱ्या नसेवरची) गाठ धरा. मानेच्या दोन्ही बाजू बघायच्याच.

रक्तातलं किंवा लघवीतलं मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रेनालिनसारख्या हार्मोनपासून बनणारा पदार्थ) ऑपरेशनआधी तपासायलाच हवं. मानेतल्या अशा फार थोड्या गाठी बीपी चढवणारे हार्मोन सोडतात, पण ती एखादी निघाली आणि तयारी नसली, तर भूल दिल्यावर बीपी आवरत नाही. अशा वेळी आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध). बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) आधी दिला तर बीपी उलट भडकतं.

जनुकतपासणी टाळू नये. एसडीएचडी या जनुकातला दोष वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा नाहीत. त्यामुळे एखादी पिढी कोरी जाते आणि 'घरात कुणाला नाही' हे उत्तर फसवतं. एसडीएचबी या जनुकात दोष असेल तर गाठ इतरत्र पसरण्याची भीती जास्त.

ऑपरेशन किती अवघड हे शॅम्बलिनच्या 1971च्या वर्गीकरणावरून (गाठ धमनीला किती चिकटली यावरचे तीन प्रकार) ठरतं. तिसऱ्या प्रकारात गाठ धमनीला वेढून बसते; तिथे व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचा सर्जन) आणि धमनी बदलावी लागली तर मांडीची शीर तयार हवी. मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा काही ठिकाणी एक-दोन दिवस आधी एम्बोलायझेशनने (रक्तवाहिनी आतून बंद करून) तोडतात, पण त्यावर एकमत नाही. गाठी दोन्हीकडे असतील तर एका बाजूच्या नसा शाबूत आहेत हे पाहिल्याशिवाय दुसरी बाजू उघडू नये. दोन्हीकडचे वेगस गेले तर श्वास आणि गिळणं दोन्हींवर संकट येतं. वय जास्त, गाठ लहान आणि त्रास नसेल, तर ठराविक काळाने स्कॅन करत राहणं हा पूर्ण शास्त्रशुद्ध मार्ग आहे.

पेशंटला एक गोष्ट आधीच सांगावी: ऑपरेशननंतर काहींना जेवणाच्या पहिल्या घासाला कानापुढे जोराची कळ येते, पुढच्या घासांना ओसरते. ती सिंपथेटिक नस (आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणारी मानेतली नस) दुखावल्याने येते, गाठ परत आल्याने नाही.