तुम्ही विचारलंत म्हणून: पोराचं नाव चांगदेव का?

जळगावात आता वर्गात आरव, विहान, अथर्व यांची गर्दी. त्यात आमचा चांगदेव म्हटला की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "हे कुठून काढलं, भो?"

कुठून म्हणजे, घराजवळूनच. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे, तिथं योगी चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास यात्रा भरते, माझं सासर-माहेर दोन्हीकडचं गणगोत तिथं भेटतं. अर्थ विचाराल तर जुन्या मराठीत 'चांग' म्हणजे चांगलं, सुंदर. 'चांगभलं'मधला चांग तोच.

"पण तो तर गर्विष्ठ योगी ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आला आणि ज्ञानदेवांनी भिंत चालवली, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. मला त्याआधीची पत्राची गोष्ट जास्त आवडते. ज्ञानदेव वयाने लहान, अधिकाराने मोठे. मायना 'चिरंजीव' लिहावा की 'तीर्थरूप', हे ठरेना, म्हणून चौदाशे वर्षं जगलेल्या या बाबाने कोराच कागद धाडला. मुक्ताई म्हणाली, इतकं जगून हा कोराच राहिला! उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. आणि पुढे त्यानं गुरू केलं ते त्याच चिमुरड्या मुक्ताईला. नातीच्या वयाच्या पोरीपुढे बसून शिकायला तयार झालेला म्हातारा मला तरी गर्विष्ठ वाटत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसगावजवळ पाटणला आणखी एक चांगदेव सापडतो. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला. 1207 च्या सुमाराच्या शिलालेखात ते कोरलंय, आणि शेवटी चक्क मराठीत, बाजारातल्या मालावर मठाला काय द्यायचं तेही! आजोबांच्या नावानं पुतळा न उभारता वर्ग चालवणारा नातू. सासऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांची नावाबद्दलची कुरकुर थांबली.

शाळेत त्याचा 'चांग्या' झालाय. त्याला विचारलंत तर तो फक्त वाघाचं सांगेल. पासष्टीपर्यंत यायला अजून अवकाश आहे.